सकाळच्या उन्हातली दाभोळची मशीद

दाभोळची शाही मशीद बहुतेक प्रवासी दुपारी पाहतात. मुक्काम दापोलीत असतो. सकाळ हर्णैच्या बंदरात आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी जाते. मग गुहागरकडे निघताना दाभोळची फेरीबोट पकडायची, आणि बोट यायला वेळ असेल तर धक्क्याजवळची मशीद उरकून घ्यायची. फोटो निघतात, बोट लागते, माणसं निघून जातात. या घाईत एक साधी गोष्ट लक्षात येत नाही. मशीद पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे दुपारनंतर तिचा दर्शनी भाग स्वतःच्याच सावलीत बुडालेला असतो. कमानींची खोली सपाट होते, कोरीवकाम दगडात विरून जातं आणि घुमट पाठीमागून आलेल्या उन्हात काळा दिसतो. काय पाहिलं हे सांगताना अशा माणसाला ‘एक जुनी मशीद’ यापलीकडे शब्द सापडत नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, घड्याळाचा आहे.

दाभोळ समजून घ्यायचं तर तिथं रात्र काढावी लागते, आणि नुसती रात्रही पुरत नाही. एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी डोळ्यांसमोर व्हावी लागते. या गावात जे जे जुनं उरलं आहे, त्या सगळ्याचा अर्थ पाण्याशी बांधलेला आहे. मशीद, डोंगरातलं चंडिकेचं गुहामंदिर, पलीकडच्या काठावरचा गोपाळगड हे तीन अवशेष वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या हेतूंनी घडले. पण वाशिष्ठीची खाडी मध्ये धरून पाहिलं की तिन्ही एकमेकांशी बोलू लागतात.

आम्ही गेलो ते मोटरहोम घेऊन, म्हणजे ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर: दोन बिछाने, एक ओटा, पाण्याची टाकी, छतावर सौर पट्टी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या आपल्याकडे भाड्यानं मिळू लागल्या आहेत. मुंबई-गोवा महामार्ग खेडला सोडायचा, दापोली गाठायची आणि तिथून दाभोळचा उतार धरायचा. शेवटची वळणं अरुंद आहेत. उंच गाडीला फांद्यांची आणि वाडीतल्या लोंबत्या तारांची काळजी घ्यावी लागते. गाडी कुठं लावायची ते गावात विचारून ठरवावं, कारण धक्का ही मासेमारांची कामाची जागा आहे. हे सगळं सांभाळलं तर या वाहनासारखं दुसरं साधन नाही. खोली सोडायची वेळ, परतीची बस, संध्याकाळी सातच्या आत हॉटेल गाठणं, यांतलं कशाचंच ओझं राहत नाही. अवशेष पाहायला लागणारं खरं भांडवल म्हणजे वेळ, आणि तो इथं मुबलक मिळतो.

आधी जागा पाहू. सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूणवरून येते. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही तिला येऊन मिळतं, आणि ती दाभोळपाशी रुंद होऊन अरबी समुद्रात शिरते. उत्तर काठावर डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाभोळ, दक्षिण काठावर धोपावे, वेलदूर, अंजनवेल. मुखाशी वाळूचा दांडा आहे, म्हणून जहाजांना भरती पाहूनच आत यावं लागे. एकदा आत आलं की मात्र डोंगरांच्या कुशीत वाऱ्यावादळापासून आसरा, आणि खाडीनं वर थेट चिपळूणपर्यंत, घाटांच्या पायथ्यापर्यंत माल नेण्याची सोय. घाटमाथ्यावरच्या राज्यांना समुद्राकडे उघडणारं हे दार होतं. बहमनी सुलतानांनी ते वापरलं, त्यांच्यामागून विजापूरच्या आदिलशहांनी.

या दारातून कोण कोण आत आलं आणि बाहेर गेलं ते पाहिलं की आजच्या शांत गावाकडे पाहण्याची नजर बदलते. बहमनी राज्याचा पुढचा कर्तबगार वजीर महमूद गावान पंधराव्या शतकाच्या मध्याला इराणातून व्यापारी म्हणून आला तो दाभोळलाच उतरला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन हिंदुस्थानात काही वर्षं काढून १४७२च्या सुमारास घरी परतायला निघाला, तो दाभोळहून. हिंदुस्थान आणि हबसाण (इथिओपिया) यांच्या किनाऱ्यांवरचे लोक जिथं एकत्र येतात असं मोठं शहर, अशी या बंदराची नोंद त्यानं करून ठेवली. जायचं होतं होर्मुझला, पण गलबत आधी हबसाणच्या किनाऱ्याला लागलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा इथल्या तांब्याच्या, पाऱ्याच्या आणि हिंगुळाच्या व्यापाराबद्दल लिहितो. त्याच्याच देशाच्या फ्रान्सिश्कु द आल्मेदानं डिसेंबर १५०८मध्ये हे शहर जाळलं होतं. चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाच्या सूडासाठी तो दीवकडे निघाला होता, आणि दाभोळ त्याच्या वाटेत होतं.

त्या आगीनंतर दीडशे वर्षांनी उभी राहिलेली वास्तू म्हणजे आजची मशीद. शाही मशीद, मासाहेबांची मशीद आणि अंडा मशीद ही तिची तीन नावं गावात चालतात. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरनं तिची कथा टिपून ठेवली आहे. ती अशी: १६५९ साली विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी नावाची शहजादी मक्केला जाण्यासाठी मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. पुढचा समुद्र धोक्याचा होता, म्हणून तिचं जाणं रहित झालं. यात्रेसाठी आणलेल्या पैशाचं काय करावं, असा प्रश्न पडला. काझी-मौलवींनी सल्ला दिला की तो धर्मकार्याला लावावा, आणि तिनं इथं मशीद बांधवली. परंपरेत खर्चाचा आकडा पंधरा लाख रुपयांचा सांगतात.

कथा म्हणून ही सुंदर आहेच, पण बंदराच्या व्यवहारातही ती चपखल बसते. शिडाच्या जहाजांच्या काळात अरबस्तानाकडे जाण्याचा एक ठराविक हंगाम असे. पावसाळ्यात बंदरं बंद. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडे, आणि ईशान्येकडचे वारे सुरू झाले की पश्चिमेची वाट मिळे. तो वारा चुकला की वर्ष गेलं. वाटेत चाच्यांची भीती, पोर्तुगीजांच्या परवान्यांची कटकट. या किनाऱ्यावर थांबून राहिलेले यात्रेकरू, उतरलेला पैसा, पुढं ढकललेले नवस हे नित्याचं असणार. एका शहजादीच्या थांबण्याचं वास्तूत रूपांतर झालं, ही कल्पना दाभोळमध्येच सुचू शकते.

आता वास्तू वाचू. पहिली गोष्ट म्हणजे उंची. मशीद जमिनीवर टेकलेली नाही, उंच जोत्यावर चढवलेली आहे. पायऱ्या चढून अंगणात यावं लागतं. अंगणात पाण्याची सोय आहे, वजूसाठी. खारं पाणी हाकेच्या अंतरावर आणि गोडं पाणी अंगणात, हा क्रम मुद्दाम लक्षात घ्यावा. समुद्रावरून आलेल्या माणसाला खाऱ्या पाण्याचा कंटाळा आलेला असतो. धक्क्यावर उतरून, गर्दीतून वाट काढत, पायऱ्या चढून तो या चौकात येतो आणि हातपाय धुतो, तेव्हा त्याचा प्रवास खऱ्या अर्थानं संपतो. वास्तूनं माणसाला आत घेण्याआधी एवढी तयारी करून घेतलेली असते.

दुसरी गोष्ट प्रमाण. गॅझेटियरनं मापं दिली आहेत: लांबी-रुंदी ६३ फूट बाय ५४ फूट आणि मिनार-घुमटांसह उंची ७५ फूट. म्हणजे वास्तू जितकी पसरली आहे त्याहून जास्त वर गेली आहे. विजापूरची जामा मशीद पसरते, तिचे सोपे दूरवर जातात, तिचं वैभव विस्तारात आहे. गोलघुमट तर आपल्या ४४ मीटर व्यासाच्या घुमटानं पाहणाऱ्याला दडपूनच टाकतो. दाभोळला पसरायला जागाच नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. इथल्या कारागिरानं ही अडचण ओळखली आणि विजापूरची सगळी भाषा उभी करून वापरली. कोकणातल्या उतरत्या छपरांच्या, कौलांच्या आणि शाकारलेल्या घरांच्या वस्तीत ७५ फुटांची दगडी उभारणी केवढी दिसत असेल याची कल्पना करावी. माडांच्या शेंड्यांशी स्पर्धा करणारी मानवी हातची ती एकच गोष्ट होती.

तिसरी गोष्ट घुमट. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवणं हा सगळ्या घुमटकारांसमोरचा जुना पेच आहे. भिंती चार कोपरे घेऊन वर येतात आणि घुमटाला कोपरे चालत नाहीत. मधल्या टप्प्यात हे कोपरे विरघळवावे लागतात, आणि विजापूरच्या गवंड्यांची खरी विद्या तिथंच होती. दालनात मधोमध उभं राहून मान वर करावी आणि नजर भिंतीवरून सावकाश वर सरकवत न्यावी. सरळ भिंत कधी वाकू लागली, कमानीच्या टोकानं कोपरा कधी गिळला आणि वर्तुळ कधी सुरू झालं, याचा नेमका क्षण पकडता येत नाही. तो पकडता येऊ नये हेच कारागिराचं यश. इथं ओठांतल्या ओठांत काही बोललं तरी आवाज वर जाऊन परत येतो, म्हणून माणसं आपोआप गप्प होतात.

बाहेरून हाच घुमट वेगळा स्वभाव दाखवतो. चार कोपऱ्यांवरचे चार मिनार त्याला चौकट देतात. मिनार बारीक, घुमट भरदार. मिनारांमुळे नजर वर चढते आणि घुमटामुळे ती थांबते. हे दोन वेग एकमेकांना तोलून धरतात, म्हणून एवढ्या उंचीची वास्तू असूनही ती ताठर वाटत नाही. कोणे एके काळी घुमटावर सोन्याचा मुलामा होता असं सांगतात. आज तिथं पावसाळ्यांनी काळी केलेली पाठ आहे. मला ती खटकत नाही. कोकणातल्या पावसाचे साडेतीनशेहून अधिक हंगाम अंगावर घेऊनही आकार जागचा हलला नाही, हे त्या काळ्या रंगातच वाचता येतं.

आता दिशा, आणि माझ्या मते या वास्तूचं हृदय इथंच आहे. हिंदुस्थानातल्या मशिदींत पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतात, कारण मक्का त्या बाजूला आहे. विजापूर, औरंगाबाद किंवा अहमदनगरच्या मशिदीत पश्चिमेच्या भिंतीपलीकडे आणखी जमीन असते, गावं असतात, डोंगर असतात. दाभोळला पश्चिम म्हणजे खाडीचं मुख आणि त्यापुढं अरबी समुद्र. मध्ये दुसरं काही नाही. मिहराबासमोर, पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यासमोर, उभा राहिलेला माणूस ज्या दिशेला मान तुकवतो, ती शहजादीला ज्या वाटेनं जायचं होतं तीच दिशा. आतली भिंत मिटलेली आहे, तिच्यातून समुद्र दिसत नाही. पण पायऱ्या चढण्याआधी आपण ते पाणी पाहिलेलं असतं, त्याचा वास नाकात असतो. त्यामुळे मिहराबाकडे पाहताना त्या दगडामागं काय आहे हे मनाला ठाऊक असतं. न घडलेला प्रवास या एका भिंतीत कायमचा त्याच दिशेला वळवून ठेवला आहे. कथा खरी असो वा नंतर रचलेली, वास्तू तिला दुजोरा देते.

याच दिशेमुळे सकाळचं महत्त्व आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून, खाडीच्या वरच्या अंगानं उगवतो. पहिलं ऊन आधी मिनारांच्या टोकांवर येतं, मग घुमटाच्या खांद्यावर, मग हळूहळू खाली उतरत कमानींवर. ते तिरपं असतं, म्हणून दगडावरची प्रत्येक कोरलेली रेघ आपली स्वतःची सावली घेऊन उठून दिसते. दुपारी सपाट वाटलेली भिंत आता खोल वाटते. नक्षी दिसते, टाकीचे घाव दिसतात, दोन दगडांमधली चुन्याची रेषा दिसते. मग ऊन कमानीतून आत शिरतं आणि फरशीवरून पश्चिमेच्या भिंतीकडे सरकू लागतं. त्या वेळी अंगणात उभं राहिलं की पाठीवर ऊन आणि समोर उजळलेली वास्तू असा योग असतो. वास्तू याच घटकेसाठी घडवली होती असं वाटावं इतकी ती मोकळी होते. सूर्य माथ्याकडे चढला की ही कमाई हळूहळू संपते, आणि दुपारी येणाऱ्यांसाठी सावली तेवढी उरते.

संध्याकाळचं दाभोळ मशिदीपासून दूर जाऊन पाहावं, शक्य तर पाण्यावरून. फेरीबोटीवरून वळून पाहिलं की सूर्य पश्चिमेला उतरत असतो आणि घुमटाची नुसती बाह्यरेषा राहते. गलबतातून येणाऱ्या माणसाला दाभोळ पहिल्यांदा असंच, आकाराच्या रूपात दिसत असणार. तपशील सकाळी, आकार संध्याकाळी. दोन्ही मिळाल्याशिवाय वास्तू पुरी पाहिली असं म्हणता येत नाही.

चंडिकेचं मंदिर ही याच गावातली अगदी उलट्या रीतीची रचना आहे. मशीद दगडावर दगड चढवून झाली, मंदिर डोंगरातला दगड कमी करून झालं. बाहेरून फारसं काही दिसत नाही. आत शिरताना वाकावं लागतं, पुढं जाताना हातानं भिंत चाचपावी लागते, आणि उजेड म्हणाल तर समयांचा तेवढा. विजेचा दिवा इथं नाही, आणि मोबाईलचा उजेड पाडू नये हा देवस्थानाचा संकेत आहे. तो काटेकोर पाळावा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग समईची ज्योत दिसते, मग तिच्यामागं देवीचा शेंदूर, मग चांदीचा एखादा कण, मग मुद्रा. देवी एकदम समोर येत नाही, टप्प्याटप्प्यानं येते, आणि तेवढा वेळ माणसाला दुसरं काही सुचत नाही. प्रदक्षिणाही वाकूनच घालायची. डोकं वर करून इथं कोणालाच फिरता येत नाही.

मशिदीत नजर वर खेचली जाते, इथं शरीर खाली वाकवलं जातं. मशिदीत प्रकाश मोजून आत घेतला आहे, इथं तो बाहेरच ठेवला आहे. श्रद्धेच्या दोन वाटा म्हणून हे पाहता येतंच, पण मला त्यात कोकणच्या भूमीचे दोन उपयोगही दिसतात. एकानं खाडीकडे तोंड करून, दुरून दिसेल असं उभं राहायचं ठरवलं. दुसऱ्यानं डोंगराच्या पोटात शिरून, समुद्रावरून येणाऱ्या कोणाच्याही नजरेला पडणार नाही अशी जागा निवडली. ज्या बंदरावर १५०८ची आग येऊ शकते, तिथं या दोन्ही निवडींना अर्थ आहे.

दुसऱ्या काठावर जायला फेरीबोट आहे, आणि दाभोळचा पाण्याशी असलेला करार नीट समजतो तो ही बोट पकडताना. आमच्या गाडीचं मागचं अंग चाकांच्या बरंच मागं लांबलेलं. ओहोटीला बोट खाली बसते, तिचा रॅम्प आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन पडतो आणि अशा गाडीची शेपटी खाली घासते. बोटीवरच्या पोऱ्यानं गाडीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “काका, घाई नसेल तर थांबा थोडं. पाणी भरलं की सरळ चढेल गाडी.” आम्ही थांबलो. खाडीच्या कडेचा चिखल आधी चकाकला, मग कलंडून पडलेल्या होड्या एकेक करून सावरल्या, मग रॅम्प हळूहळू वर येत धक्क्याच्या पातळीला आला. भरतीची वेळ काढायची जुनी रीत इथले लोक अजून सांगतात: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. उधाणाला पाणी पुष्कळ चढतं, भांगाला थोडं. निकितिनच्या गलबतानं याच हिशेबानं दांडा ओलांडला असणार. विमानाचं आणि रेल्वेचं वेळापत्रक माणसं ठरवतात, इथलं चंद्र ठरवतो, आणि थांबण्याचा तो वेळ वाया जात नाही.

धोपाव्याहून अंजनवेलला गेलं की गोपाळगड. आदिलशाहीतला हा किल्ला पुढं शिवाजी महाराजांकडे, मग जंजिऱ्याच्या सिद्दीकडे आणि अठराव्या शतकात तुळाजी आंग्र्याकडे आला. गोपाळगड हे नाव तुळाजीच्या काळातलं. मशिदीची भाषा घडीव आणि नितळ, किल्ल्याची रांगडी. जांभ्याचा तट, जमिनीच्या बाजूला त्याच जांभ्यात खोदलेला खंदक. खंदकातून दगड काढायचा आणि तटात घालायचा, म्हणजे एका श्रमात दोन कामं. जांभा जवळून पाहावा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर राहिला की घट्ट होतो. त्याची छिद्रं पाणी पितात आणि सोडतात, त्यात शेवाळ आणि नेचे रुजतात. त्यामुळे या तटाला ठाम कड राहिलेली नाही. किल्ला मातीकडे परत निघाल्यासारखा दिसतो. आत आमराई वाढली आहे.

पण तटावर चढून खाडीच्या मुखाकडे पाहिलं की किल्ल्याचं वाक्य एका क्षणात वाचता येतं. दाभोळात शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यातून जावं लागे. मशीद बंदराचं स्वागत होती, गोपाळगड बंदराची पारख. एका काठानं पाहुण्याला पाणी द्यायचं, दुसऱ्यानं त्याचा हेतू तपासायचा. १६५९च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला आणि १६६०च्या सुमारास दाभोळ मराठ्यांकडे आलं. परंपरेनं दिलेलं साल धरलं, तर मशिदीचा चुना वाळतो न वाळतो तोच तिच्यामागची सत्ता गेली. तरीही ती टिकली. महाराजांच्या राज्यात परधर्माच्या प्रार्थनास्थळांना हात लावला जात नसे, असं आपण नेहमी सांगतो. त्याचा पुरावा हवा असेल तर ही उभी वास्तू आहे.

याच तटावरून वीजप्रकल्पाची धुराडीही दिसतात. १९९०च्या दशकात जगभरच्या वर्तमानपत्रांत दाभोळचं नाव गाजलं ते एन्रॉनच्या या प्रकल्पामुळे, आणि तो उभा आहे पलीकडच्या, गुहागर तालुक्याच्या काठावर. १९९९मध्ये वीज सुरू झाली आणि २००१मध्ये थांबली. नंतर कंपनी बदलली. बंदरं वाळूनं भरतात तसं उद्योगांचंही दिवाळं निघतं. दाभोळनं हे सगळं पाहून घेतलं आहे, म्हणून धुराड्यांकडे पाहून इथल्या लोकांना फारसं नवल वाटत नाही.

दाभोळच्या अवशेषांना एक भाग्य लाभलं. त्यांना गावातूनच एक वाचक मिळाला. अण्णा शिरगावकर यांनी दाभोळमध्ये राहून या परिसरातले ताम्रपट, नाणी, जुन्या वस्तू शोधल्या, जपल्या, आणि ‘वाशिष्ठीच्या तीरावरून’ सारखी पुस्तकं लिहिली. दापोली तालुक्यातल्याच पन्हाळेकाजीच्या लेण्यांचा इतिहास उलगडायलाही ताम्रपटांचीच मदत झाली. कोटजाई नदीकाठच्या त्या २९ लेण्यांवर म. न. देशपांडे यांचा ग्रंथ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं १९८६ साली काढला. मोटरहोमवाल्यांनी परतीच्या वाटेत तिथं एक सकाळ जरूर द्यावी. बौद्ध, शैव आणि नाथ पंथीयांनी एकाच कातळात एकामागून एक केलेली वस्ती पाहिली की दाभोळची मशीद आणि चंडिका एकाच गावात कशा नांदल्या हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रसग्रहणात उणीवही सांगावी. मशिदीचा परिसर गर्दीनं वेढला आहे, आणि धक्क्यावरून तिच्याकडे येणारी जी वाट एकेकाळी तिच्या रचनेचा भाग असावी ती आता हरवली आहे. बाहेर मशिदीची माहिती देणारी, मराठी वाचकाला समजेल अशी चांगली पाटी हवी. आणि आपण प्रवासी, जे भिंतींवर नावं कोरतो आणि गोपाळगडावर प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकून येतो, ते या वास्तूंचे सर्वांत वाईट वाचक आहोत. पाऊस, खारा वारा आणि चार सत्तांतरं यांनी जे केलं नाही ते एक खिळा आणि एक रिकामी दुपार करू शकते.

असं असूनही माझा निर्णय स्पष्ट आहे. दक्षिण कोकणात आदिलशाही वास्तुकलेचा एवढा सुघड नमुना दुसरा नाही, आणि तो समजायला हम्पी-विजापूरइतकी भटकंतीही लागत नाही. एक रात्र, एक सकाळ, एक भरती एवढंच लागतं. गाडीत झोपायची सोय असेल तर धक्क्यावरच्या लोकांना विचारून जागा घ्या, आवाज आणि कचरा करू नका, पहाटे उठा. मशिदीत चपला बाहेर काढून आणि परवानगी घेऊन जा, चंडिकेपुढं मोबाईल बंद ठेवा. गॅझेटियरमधली मापं सोबत असू द्या. आणि दाभोळहून निघताना फेरीबोटीत गाडीतच बसून राहू नका. खाली उतरा, कठड्याशी उभे राहा आणि घुमट दिसेनासा होईपर्यंत मागं पाहत राहा. हे बंदर पाण्यावरून पाहण्यासाठीच बांधलेलं आहे.